माशाचं हृदय कुठे असतं

गुरुप्रसाद सोहोनी आमच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात आणि त्यांना रक्त बघवत नाही. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात, असा प्रश्न नवीन आलेल्या प्रत्येक शिक्षकाला पडतो. उत्तर सोपं आहे. सरांची एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रातली. झाडाला कापलं तर फार तर चीक येतो. तेवढं सरांना चालतं.

मी घाग. फिजिक्स शिकवते. मूळची सावर्ड्याची, पण रत्नागिरीत नोकरीला लागून जमाना झाला, आणि स्टाफरूममध्ये माझी खुर्ची सोहोनी सरांच्या खुर्चीला लागून आहे. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक मी शेजारून पाहिलेलं आहे. माझ्या जिभेला हाड नाही अशी कॉलेजात माझ्याबद्दल तक्रार असते. ती खोटी नाही, तेव्हा त्यावर वाद घालत नाही.

सर उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम भिंग. घर माळनाक्याच्या बाजूला, घरी आई आनंदीबाई आणि बायको, मागे आंब्याची आठ-दहा कलमं. आयुष्यात अंडं खाल्लेलं नाही. ज्या गावात सकाळी भेटलेला माणूस नमस्काराच्या आधी ‘आज काय मिळालं?’ असं विचारतो आणि त्याचा अर्थ फक्त मासे असा असतो, त्या गावात सर जन्मापासून राहतात. बाजाराच्या त्या टोकाला ते जात नाहीत. जावंच लागलं तर श्वास धरतात. मी पाहिलंय.

झाडांच्या बाबतीत मात्र या माणसाला तोड नाही. पावसाळ्यात अकरावीची मुलं घेऊन आरे-वारेच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर जातात. पोरांना वाटतं समुद्र बघायला मिळणार. सर समुद्राकडे पाठ करून सगळ्यांना ओल्या कातळावर पालथं झोपायला लावतात आणि नखाएवढी, लाल केसांची, किडे खाणारी वनस्पती दाखवतात. चिलट तिच्यावर चिकटलेलं असतं. सर खालच्या आवाजात म्हणतात, ‘‘बघा, जेवतेय.’’ पोरांचे युनिफॉर्म चिखलाने भरतात, आया माझ्याकडे तक्रारी घेऊन येतात, कारण सरांशी भांडता येत नाही. भांडायला लागलं की ते त्या बाईच्या दारातल्या झाडांची चौकशी करतात.

पण जीवशास्त्रात अर्धं पुस्तक प्राण्यांचं असतं. त्या अर्ध्या पुस्तकातून सर रंगीत खडूंच्या आधारे निभावून नेत. त्यांच्या आकृत्या बघण्यासारख्या. झुरळ काढलं तर पहिल्या बाकावरच्या मुली पाय वर घेत. आणि मासा! शेपटीपासून सुरुवात करून एका रेषेत अख्खा मासा काढायचे, मग आत एकेक अवयव बसवायचे. कल्ले गुलाबी, यकृत तपकिरी, आणि सगळ्यात शेवटी पोटाच्या मध्यावर, जठराला लागून, लाल खडूने हृदय. त्या लाल ठिपक्यानंतर सर दोन पावलं मागे येऊन स्वतःच बघत राहायचे. मुलं मोबाइलवर फोटो काढायची. कॉलेजात जिवंत प्राणी कापायला बंदी आली तेव्हा विज्ञान शाखेत खरा आनंद एकाच माणसाला झाला. सरांनी त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि कारण वाढदिवस असं सांगितलं.

त्यांच्या हाताखालून कितीतरी डॉक्टर झाले. त्यातला एक इथेच दवाखाना चालवतो. रक्त तपासायला सर त्याच्याकडे जातात, कारण सुई टोचताना तो त्यांना झाडांच्या गोष्टी सांगतो.

तर हे सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्याकडे क्लासवाले आले.

ही साथ आता सगळीकडे आहे. मुलं कॉलेजात नाव घालतात आणि दिवसभर क्लासला बसतात. मग क्लासलाच कॉलेजात आणलं तर मुलं तरी वर्गात दिसतील, असा संस्थेचा विचार. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी क्लासवाले करून घेणार, बोर्डाचा अभ्यास त्यातच उरकणार. फिजिक्सला त्यांच्याकडे माणूस नव्हता म्हणून मी वाचले. जीवशास्त्राला होता. वेद सर. पंचवीस-सव्वीसचा तरतरीत मुलगा, हातात टॅब, त्यात धडधडणारं हृदय होतं आणि ते बोटाने फिरवता येत होतं.

प्राचार्यांनी सोहोनी सरांना बोलावून घेतलं. प्राचार्य वाईट नाहीत, फक्त त्यांना कुणालाच नाही म्हणता येत नाही. म्हणाले, ‘‘सर, पालकांवर सोडू. शनिवारी तुम्ही अकरावीवर एक तास घ्या. पालक मागे बसतील. नंतरचा तास वेद सरांचा. पालकांना पटेल त्याप्रमाणे दिवाळीनंतर विषय कोणाकडे द्यायचा ते ठरवू.’’

सर स्टाफरूममध्ये येऊन बसले. बराच वेळ खिशातल्या घडीच्या भिंगाची उघडझाप करत होते. मग म्हणाले, ‘‘मॅडम, निवृत्तीला अजून पाच वर्षं आहेत. वर्ग काढून घेतला तर मी करायचं काय?’’

पगार बंद होणार नव्हता. नोकरी जाणार नव्हती. फक्त वर्ग जाणार होता. एखाद्याने सुटलो म्हटलं असतं. या माणसाला तेवढंच हवं होतं.

मी रागाने म्हणाले, ‘‘त्या टॅबला घाबरताय? खरा मासा दाखवा पोरांना. रत्नागिरीत राहतो आपण. मेलेला मासा कापायला कसली बंदी? घरोघरी रोज कापतात.’’

‘‘कापायचा?’’

‘‘कापू नका. कल्ल्याचं झाकण उचला, आत दाखवा. पुढचं कुठलाही पोरगा करेल.’’

सरांनी यावर दोन दिवस विचार केला. शुक्रवारी संध्याकाळी मला विचारलं, ‘‘मासा मिळतो कुठे?’’ या गावात हा प्रश्न विचारणारा पन्नाशीचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी म्हटलं, मिरकरवाड्यावर पहाटेच जा, गोदूबाईला माझं नाव सांगा, ती चांगला देईल.

पुढची हकिकत मला गोदूबाईकडून कळली. पहाटे बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना सर तिथे पोचले. पायात बूट, नाकाला रुमाल, रुमालाला निलगिरीचं तेल. बर्फाच्या पाण्यातून वाट काढत गोदूबाईच्या पाटीसमोर उभे राहिले आणि माझं नाव सांगितलं. गोदूबाईने ताटाएवढा ताजा तांबोसा उचलून दाखवला. सरांनी एक डोळा उघडून बघितला, मान डोलावली, आणि पाठ फिरवून समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. भावही केला नाही. गोदूबाईला वाटलं, बिचाऱ्याला वास सोसत नाही, घरी कुणीतरी आजारी असेल म्हणून आलाय. तिने त्यांना जास्त ताटकळत ठेवलं नाही. काळ्या पिशवीत बर्फ घालून मासा हातात दिला. सरांनी ती पिशवी अंगापासून हातभर लांब धरून स्कूटरच्या हुकाला लावली आणि थेट कॉलेज गाठलं. लॅबच्या बेसिनमध्ये ठेवून वर ट्रे झाकला.

साडेनऊला सरांचा मोबाइल वाजला. आनंदीबाईंचा आवाज मला शेजारच्या खुर्चीत ऐकू येत होता. ‘‘प्रसाद, तू पहाटे मिरकरवाड्यावर काय करत होतास?’’ मिरकरवाडा ते माळनाका ही बातमी सरांच्या स्कूटरच्या आधी पोचली होती.

‘‘आई, वर्गात दाखवायला मासा आणला.’’

‘‘कुठला?’’

‘‘तांबोसा म्हणाली ती.’’

मग आनंदीबाई म्हणाल्या, ‘‘आणायचाच होता तर सुरमई तरी आणायची.’’ आणि फोन ठेवला. जन्मात मासा न शिवलेल्या त्या बाईला हे कुठून माहीत, याचा विचार करायला सरांना वेळ नव्हता. तास सुरू होत होता.

वर्ग भरला होता. मागच्या बाकांवर पालक, दारात प्राचार्य, खिडकीजवळ वेद सर, आणि त्यांच्याशेजारी मी, काही काम नसताना. सरांनी फळ्यावर आपला तो मासा काढला. पालकांमध्ये वा-वा झालं. अकरावीतल्या सानवीचे वडील, बँकेत असतात, ते तर मोबाइल काढून उभे राहिले. सर खुलले. म्हणाले, ‘‘आज आपण चित्रावर थांबणार नाही. आज प्रत्यक्ष बघू.’’ पहिल्या बाकावरच्या ऋत्विकला त्यांनी पिशवी आणायला सांगितली आणि ट्रेमध्ये ओतायला लावली. स्वतः खिडकीकडे बघत होते.

ट्रेमध्ये तांबोसा पडला. तुकड्यांत. खवले काढलेले, पर कापलेले, पोट साफ, डोकं मधोमध दोन फाका करून, कल्ले काढून टाकलेले. सुरेख, एकसारख्या जाडीचे तुकडे. वर गोदूबाईने आपुलकीने मूठभर कोथिंबीर टाकलेली.

दोष कुणाला द्यायचा? गोदूबाईच्या जन्मात कुणी पाठ फिरवून उभं राहिलेलं गिऱ्हाईक मासा अख्खा घेऊन गेलेलं नाही. बाजूला उभा राहतो तो माणूस ‘कापून दे’ असंच म्हणत असतो, तोंडाने म्हणो न म्हणो. ‘कापू नकोस’ असं सांगावं लागतं हे मलाही सुचलं नव्हतं. मी आजवर कधी सांगितलेलं नाही. कशाला सांगेन?

ऋत्विक म्हणाला, ‘‘सर, कल्ले नाहीत.’’

वर्गात हशा फुटला. पालक पोरांपेक्षा जास्त हसले. एकजण म्हणाला, ‘‘सर, हळद-मीठ लावून ठेवायचं ना!’’ सानवीचे वडील गंभीरपणे म्हणाले, ‘‘तुकडे मात्र फर्स्ट क्लास पडलेत.’’ हसले नाहीत ते दोघेच. एक मी, आणि दुसरा, सांगायला हवं, वेद सर.

सर ट्रेकडे बघत होते. एवढ्या जवळून पहिल्यांदाच. ते पडतील म्हणून मी पुढे सरकले, पण पडले नाहीत. म्हणाले, ‘‘माझी चूक. ती बाई मासा कापत होती तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो.’’ मग रुमालाने कपाळ पुसलं आणि उरलेला तास फळ्यावरच्या माशावर पुरा केला. चांगला शिकवला. कुणाचं लक्ष नव्हतं.

वेद सरांच्या तासाला टॅबमधलं हृदय भिंतीवर दिसलं. ते निळं, मग लाल होत होतं. शेवटी पालकांनी वेद सरांच्या बाजूने हात वर केले. सगळेच्या सगळे नाही, पण पुरेसे. जाताना जवळजवळ प्रत्येकजण सोहोनी सरांना भेटून गेला. फार मजा आली म्हणाले. सानवीचे वडील म्हणाले, ‘‘सर, तुमच्याबद्दल आदरच आहे हो, पण पोरीचं करिअर आहे.’’ सर म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’ त्यांना ते खरंच बरोबर वाटत होतं, याची मला चीड आली. तो तांबोसा पुढे कुणाकडे गेला याची मी चौकशी केली नाही. सोमवारी प्राचार्यांच्या डब्याला वास येत होता.

दिवाळीनंतर वर्ग वेद सरांकडे गेला. सरांकडे प्रॅक्टिकल राहिलं. का राहिलं, तर क्लासवाले प्रॅक्टिकल घेत नाहीत. त्यात त्यांना रस नसतो. प्राचार्यांनी सरांना समजावलं, ‘‘शुक्रवारी दुपारी लॅब उघडी ठेवा. मुलं आली तर आली. हजेरीची सक्ती नको, त्यांचा अभ्यास असतो. मार्क काय, आपण सगळ्यांना देतोच.’’ म्हणजे आयुष्यभर ज्या भागापासून माणूस लांब राहिला, नेमका तोच त्याच्या पदरात घालून बाकीचं काढून घेतलं. मुद्दाम ठरवून केलं असतं तर एवढं नीट जमलं नसतं.

पहिल्या दोन शुक्रवारी सर लॅबमध्ये एकटेच बसले. कुणी आलं नाही. तिसऱ्या शुक्रवारी ते परत मिरकरवाड्यावर गेले. या वेळी पाठ फिरवली नाही. गोदूबाईला म्हणाले, ‘‘कापू नका.’’

‘‘मंग खानार कसा?’’

‘‘खायला नको. बघायला हवाय.’’

गोदूबाईने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले तेव्हा तिने मला बाजूला घेतलं. ‘‘मॅडम, तुमच्या त्या सरांचं घरात काय बिनसलंय का? बगायला मासा मागतायत.’’ मी म्हटलं, नोकरीत बिनसलंय. तिला ते पटलं.

त्या शुक्रवारी दुपारी मला तास नव्हता. पेपरांचा गठ्ठा घेऊन मी लॅबमध्ये जाऊन बसले. सरांना सोबत म्हणून गेले असं मी त्यांना सांगितलं नाही. पंखा चांगला चालतो म्हणून आले असं सांगितलं. मुलं नव्हतीच. ट्रेमध्ये अख्खा तांबोसा, अगदी झोपल्यासारखा. सरांनी हातमोजे घातले, मग काढले, मग परत घातले. कात्री उचलली.

‘‘मी कापून देऊ?’’ मी विचारलं.

‘‘नको.’’

कल्ल्याचं झाकण उचललं. आत लालभडक. सरांनी डोळे मिटले, दोन-तीन श्वास घेतले, आणि डोळे उघडले. मग खिशातलं भिंग काढलं. मी पेपर तपासायला लागले. बऱ्याच वेळाने वर पाहिलं तर सर अजून कल्ल्यातच होते. एकेक कमान चिमट्याने उचलून बघत होते, कातळावर ती किडेखाऊ वनस्पती बघतात तसे. रक्ताचं त्यांच्या लक्षातही राहिलं नसावं.

मग त्यांनी पोट उघडलं. मी एक पेपर संपवला, दुसरा घेतला. सर म्हणाले, ‘‘मॅडम.’’

‘‘काय?’’

‘‘याला हृदय नाही.’’

‘‘असं कसं? बाजारात बिनहृदयाचे मासे येत नाहीत.’’

‘‘मी जठराच्या बाजूला बघतोय. इथे असायला हवं. इथे काहीच नाही.’’

मी उठून गेले. सरांनी सगळं नीट मांडून ठेवलं होतं. यकृत, जठर, तो हवेचा फुगा. हृदय नव्हतं. सर कात्रीने पुढे पुढे कापत गेले, घशापर्यंत. आणि तिथे, कल्ल्यांच्या अगदी मागे, गळ्याखाली, एका पातळ पडद्याच्या आत ते होतं. शेंगदाण्याएवढं, गडद लाल. सरांनी पडदा बाजूला केला, भिंग धरलं, आणि दोन्ही कप्पे मोजले.

मग ते कपाटामागचा जुना चार्ट घेऊन आले. माशाची अंतर्रचना. ते नोकरीला लागले तेव्हापासूनचा. आमच्याकडे पावसात ओल भिंतींनासुद्धा सोडत नाही, तर कागदाचं काय. अवयव दिसत होते, नावं दिसत होती, पण नावापासून अवयवापर्यंत जाणाऱ्या रेघा ओलीने पुसून गेलेल्या. ‘हृदय’ हा शब्द खाली एका बाजूला होता आणि तिथून रेघ कुठे जात असेल, ते नव्या नोकरीतल्या सोहोनी सरांनी अंदाजाने ठरवलं होतं. पोटाच्या मध्यावर एक गोल, ठसठशीत काहीतरी होतं. त्यांना तेच हृदय वाटलं. माणसाचं मन जिथे जाईल तिथे त्यांनी ते ठेवलं. पुस्तकात एवढंच लिहिलेलं की हृदय दोन कप्प्यांचं असतं. कुठे, हे लिहिलेलं नव्हतं.

सर स्टुलावर बसले. ‘‘मी आजवर चुकीचं शिकवलं.’’

मला त्यांचं ते तोंड बघवेना. म्हणून मी फटकन बोलले, ‘‘मग काय झालं? त्यातले निम्मे डॉक्टर झाले. माणसाचं हृदय त्यांना बरोबर सापडतं ना? माशावर उपचार करायला कोण बसलंय? कुणाचं काही बिघडलं नाही.’’

‘‘तेच म्हणतोय मी,’’ सर म्हणाले. ‘‘कुणाचं काही बिघडलं नाही. मॅडम, या वर्गात बसलेलं प्रत्येक पोर मासे खातं. घरी रोज मासा साफ होतो. इतकी वर्षं माझी आकृती उतरवून घेतली, जर्नलमध्ये काढली, बाहेरून परीक्षक आले, त्यांनी सह्या केल्या. एकानेही घरी जाऊन बघितलं नाही. एकाने जरी बघितलं असतं तर दुसऱ्या दिवशी येऊन मला म्हणालं असतं, सर, तिथे नाही.’’

मी लहानपणापासून मासे साफ करते. कल्ले ओढले की त्यांच्याबरोबर ते लाल बोंडूक निघून येतं, आणि आपण ते सगळं मांजरापुढे टाकतो. हजारदा माझ्या बोटांतून गेलं असेल. त्याला हृदय म्हणतात हे मला कधी सुचलं नाही. आणि मी विज्ञानाची शिक्षिका.

सरांनी ट्रे स्वच्छ धुतला, हात धुतले, चार्टची गुंडाळी करून कचऱ्याच्या डब्यात घातली. मी गठ्ठा उचलून निघाले.

सोमवारी सर अकरावीच्या दारात उभे राहिले. वेद सर शिकवत होते. सर म्हणाले, ‘‘पाच मिनिटं देता का? एक दुरुस्ती सांगायची आहे.’’ मी समोरच्या वर्गात होते. माझ्या वर्गाला गणितं घालून मी व्हरांड्यात आले. माझ्या वर्गातून तो फळा दिसत नव्हता, म्हणून.

कसली दुरुस्ती, वेद सरांनी विचारलं. सरांनी सांगितलं. वेद सर म्हणाले, ‘‘सर, प्रवेशपरीक्षेत यावर प्रश्न येत नाही. पण घ्या ना, घ्या.’’ आणि फळा पुसून बाजूला झाले. पोरगा मनाने चांगला आहे.

सरांनी मासा काढला. नेहमीसारखा, शेपटीपासून. सगळे अवयव बसवले. मग पोटाच्या मध्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘ऑगस्टमध्ये मी तुम्हाला हृदय इथे सांगितलं. ते चूक होतं. तुमच्याआधीच्या सगळ्यांनाही चूकच सांगितलं. मी स्वतः बघितलेलं नव्हतं. गेल्या शुक्रवारी बघितलं.’’ आणि लाल खडूने गळ्याखाली, कल्ल्यांच्या मागे, हृदय काढलं. ‘‘इथे असतं. तुम्ही उतरवलेलं खोडून टाका. माझी चूक झाली.’’

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शिक्षकाने चूक कबूल केल्यावर काय करायचं असतं हे पोरांना कुणी शिकवलेलं नसतं. मग सानवीने हात वर केला. हुशार मुलगी आहे, खोडसाळ अजिबात नाही. तिने मनापासून विचारलं, ‘‘सर, पण मग परीक्षेत कुठलं काढायचं?’’

मला व्हरांड्यात उभ्या उभ्या कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. वेद सर खाली बघायला लागले.

सरांच्या हातात खडू तसाच होता. ते रागावले नाहीत. रागावायला हवं होतं असं मला वाटलं. ते म्हणाले, ‘‘हे मी सांगणार नाही. मी एकदा सांगितलं, तू ऐकलंस, आणि चूक काढलंस. आता वेद सरांचं ऐकून काढू नकोस, माझंही ऐकून काढू नकोस. शुक्रवारी लॅबमध्ये ये. स्वतः बघ. जिथे दिसेल तिथे काढ. मग मार्क कोण कापतो ते मी बघतो.’’

नमस्कार करून ते वर्गाबाहेर आले. मला व्हरांड्यात बघून म्हणाले, ‘‘तुमचा वर्ग दंगा करतोय.’’ करत होता.

शुक्रवारी मी पेपरांचा गठ्ठा घेऊन लॅबमध्ये गेले तर मला बसायला स्टूल मिळालं नाही. पोरांना एकदम जीवशास्त्राची ओढ लागली असं मी म्हणणार नाही. शिक्षक चुकला होता, आणि तो कुठे चुकला ते बघायला मिळत होतं, एवढं पोरांना पुरतं. वेद सर टॅब बाहेर ठेवून मागे उभे होते. सर खिडकीजवळ थांबले. त्यांनी कात्रीला हात लावला नाही आणि बोटही दाखवलं नाही. ऋत्विकने कापलं. सानवी वाकून बघत होती. तिने आधी पोटाच्या मध्यावर शोधलं, बराच वेळ, कारण तिचा अजून पहिल्या आकृतीवर विश्वास होता. मग चिमटा पुढे सरकवत सरकवत गळ्यापर्यंत गेली.

‘‘सर,’’ ती म्हणाली, ‘‘तुमचं चुकलं होतं. हृदय इथे आहे.’’

सर आले. पोरांनी वाट करून दिली. त्यांनी भिंग लावून पाहिलं, नुकतंच पाहिलेलं असूनही पहिल्यांदा पाहिल्यासारखं.

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘माझं चुकलं होतं.’’ आणि इतके खूश होऊन म्हणाले, की सानवीला हसू आलं आणि मला खिडकीबाहेर बघावं लागलं.